गृहस्थाचा योगारंभ

विरार मागें टाकून उत्तरेकडे निघालेली आगगाडी वैतरणेच्या खाडीवरील पूल ओलांडते, आणि सफाळें, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगांव अशीं स्थानकें घेत डहाणूकडे जाते. पश्चिमेस खाजणें, मिठागरें व त्यांपलीकडे तारापूर-चिंचणीचा समुद्र, पूर्वेस डोंगरांच्या रांगा. या लोहमार्गानें मुंबई आणि सुरत हीं दोन शहरें १८६४ मध्यें जोडलीं गेलीं. पुढें १९५१ मध्यें पश्चिम रेल्वेंत विलीन झालेली ही बी. बी. अँड सी. आय. रेल्वे गुजराथचा कापूस मुंबईस आणी, किनाऱ्याची मासळी आणी, पोटासाठीं शहर गांठणारीं माणसें आणी. या सर्व मालाची नोंद रेल्वेच्या दफ्तरांत होत असे. परंतु ज्याची पावती कोणी फाडली नाहीं, अशी एक वस्तूहि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत या मार्गाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आली. ती म्हणजे हठयोगाची विद्या. नर्मदेच्या तीरावरील एका मठींतून ती निघाली व मुंबईच्या गृहस्थाच्या माजघरांत येऊन स्थिरावली.

आज पालघरच्या एखाद्या चाळींत किंवा बोईसरच्या कामगार वसाहतींत पहाटे सतरंजी अंथरून कोणी प्रथमच आसनास बसतो, तेव्हां त्याला एवढीच चिंता असते कीं, गुडघा वांकेल काय आणि कंबर दुखेल काय. शंभर वर्षांपूर्वीं त्याच्यासारख्या माणसापुढें याहून मोठा प्रश्न उभा राहिला असता. संसारांत राहणाऱ्यानें या विद्येस हात घालावा, असा त्याला अधिकार आहे काय, हा तो प्रश्न होय. तो कसा सुटला, आणि तो सोडवितांना काय मिळालें व काय हातचें गेलें, हें नवशिक्यानें आसनाच्या आधीं समजून घेण्यासारखें आहे.

मराठी माणसास योग हा शब्द कधींच परका नव्हता. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि तिच्या सहाव्या अध्यायांत कुंडलिनीच्या जागृतीचें विस्तृत वर्णन आलें. ज्ञानेश्वर स्वतः नाथपंथाच्या गुरुपरंपरेंतील. परंतु पारायणास बसलेला गृहस्थ हा अध्याय भक्तिभावानें ऐके, हात जोडी आणि पोथी बांधून ठेवी. आपणहि तसें आसन घालून बसावें, असें त्याच्या मनांत सहसा येत नसे. त्याच्यासाठीं नामस्मरणाचा सोपा मार्ग संतांनीं मोकळा करून ठेवला होता. योगी म्हणजे गिरिकंदरीं राहणारा, जटाधारी, अंगाला राख फांसलेला पुरुष, अशीच सर्वसाधारण कल्पना होती. अर्धवट अभ्यासानें मनुष्याला वेड लागतें, अशी भीतिहि लोकांत पसरलेली होती.

या भीतीस मूळ ग्रंथांचा आधार कितपत होता? पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाविषयीं अवघीं तीन सूत्रें आहेत. आसन स्थिर व सुखकारक असावें, तें प्रयत्नाच्या शिथिलतेनें साधावें आणि त्यामुळें द्वंद्वांची बाधा टळावी, एवढाच त्यांचा आशय. सुमारें पंधराव्या शतकांतील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेंत मात्र परस्परविरुद्ध भासणाऱ्या दोन गोष्टी आढळतात. ही विद्या गुप्त राखावी, प्रगट केल्यानें ती निर्बळ होते, असें तो ग्रंथ एके ठिकाणीं बजावतो. दुसऱ्या ठिकाणीं तोच सांगतो कीं, तरुण असो, वृद्ध असो, रोगी असो वा दुबळा असो, आळस टाकून जो अभ्यास करील त्याला सिद्धि मिळते. योगाचा नाश करणाऱ्या गोष्टींची त्यानें जी यादी दिली आहे, तींत अतिआहार व वायफळ बडबड यांच्या जोडीला अतिश्रमहि आहे. म्हणजे दार लावण्याची आज्ञा आणि दार उघडण्याची किल्ली हीं दोन्ही एकाच पेटींत होतीं. कित्येक शतकें लोकांनीं आज्ञा पाळली. किल्लीकडे लक्ष गेलें तें विसाव्या शतकांत.

तें ज्यांच्यामुळें गेलें, ते परमहंस माधवदासजी मूळचे बंगाली. पुष्कळ भ्रमणानंतर ते बडोद्याच्या बाजूस, नर्मदाकांठीं मालसर या गांवीं येऊन राहिले होते. १९१६ मध्यें ते मुंबईस माधवबागेंत उतरले असतां सेंट झेवियर्स कॉलेजांत शिकणारा एक तरुण त्यांच्या दर्शनास आला. मणिभाई हरिभाई देसाई हें त्याचें नांव. सुरतेजवळच्या देगाम गांवीं १८९७ मध्यें जन्मलेला हा मुलगा आधीं कुस्तीचा शोकी होता. साधुसंन्याशांविषयीं त्याला फारसा आदर नव्हता, पण या भेटीनंतर कॉलेज सोडून तो मालसरला गेला. तेथें गुरूच्या सान्निध्यांत त्यानें पाहिलें कीं, धौति, बस्ति, आसनें, प्राणायाम या क्रियांचा उपयोग आश्रमांत येणाऱ्या रोग्यांवरहि होतो. गुरूच्या मनांतून त्यानें आपल्या मागें गादी चालवावी असें होतें. परंतु शिष्यानें निराळें ठरविलें. संन्यास न घेतां तो संसारी लोकांत परतला.

२५ डिसेंबर १९१८ रोजीं मुंबईनजीक वेसावें येथें, दादाभाई नौरोजी यांच्या समुद्रकांठच्या बंगल्यांत, या तरुणानें योग इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. पुढें तो श्रीयोगेंद्र या नांवानें ओळखला जाऊं लागला. त्याच्या वयास तेव्हां एकवीस वर्षें नुकतींच पूर्ण झालीं होतीं. या संस्थेचें वैशिष्ट्य तिच्या विद्यार्थ्यांत होतें. तेथें येणारा मनुष्य मोक्षाच्या शोधांत निघालेला नव्हता. त्याला अपचन होतें, निद्रानाश होता, दिवसभर खुर्चीवर बसून पाठ धरली होती. अशा माणसाला डोक्यावर उभें करण्याआधीं स्वस्थ बसावयास व श्वास सोडावयास शिकवावें लागतें. १९१९ च्या अखेरीस योगेंद्र अमेरिकेस गेले, न्यूयॉर्कच्या परिसरांत त्यांनीं संस्थेची शाखा चालविली आणि १९२४ मध्यें ते परत आले. आसनांच्या सुलभीकरणावर त्यांचें इंग्रजी पुस्तक १९२८ मध्यें निघालें. त्यांच्या पुस्तकांच्या मथळ्यांतील 'सिम्प्लिफाइड' हा शब्दच त्यांच्या कार्याचें सार होय. जुन्या लोकांना तो अपराध वाटणें स्वाभाविक होतें. योगेंद्रांच्या मतें मात्र तो गृहस्थावरचा उपकार होता.

त्यांनीं १९२७ मध्यें विवाह केला, हीहि या इतिहासांतील गौण गोष्ट नव्हे. योगाचा आचार्य संसारी असूं शकतो, हें त्यांनीं आचरणानें दाखविलें. त्यांच्या पत्नी सीतादेवी स्वतः अभ्यास करूं लागल्या आणि स्त्रियांच्या योगव्यायामावरील त्यांचें पुस्तक १९३४ मध्यें प्रसिद्ध झालें. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांतील साधक हा गृहीतच पुरुष असे. आतां घरच्या बाईलाहि आरंभ करण्याचा हक्क लेखी मिळाला, आणि तोहि एका बाईच्या हातून मिळाला.

माधवदासजींच्या दुसऱ्या शिष्याची वाट निराळी होती. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ मध्यें बडोदें संस्थानांतील डभोई येथें झाला. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यांत त्यांनीं देशी व्यायामाचें शिक्षण घेतलें. लोकमान्यांच्या काळच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या भावनेनें ते भारले गेले व खानदेशांत अमळनेर येथें अध्यापन करूं लागले. अमळनेर हें सुरतेहून तापीच्या खोऱ्यानें जाणाऱ्या लोहमार्गावरील गांव. १९१९ मध्यें माधवदासजींची व त्यांची गांठ पडली. गुणे यांना विद्या मिळाली, पण त्यांच्यांतील शिक्षकाचें तेवढ्यानें समाधान होईना. गुरु सांगतो म्हणून खरें, हें उत्तर विसाव्या शतकांतल्या विद्यार्थ्यास पुरणार नाहीं, हें ते जाणून होते.

म्हणून त्यांनीं बडोद्याच्या रुग्णालयांत १९२१-२२ च्या सुमारास उड्डियान व नौलि या क्रियांची क्ष-किरणांखालीं तपासणी करविली. १९२४ मध्यें त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें इंग्रजी त्रैमासिक सुरू केलें. आतां ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊं लागले होते. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो व म्हणून पाणी आपोआप वर ओढलें जातें, असें त्यांनीं मापनानें दाखविलें. जी गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जात होती, तिला नळींतील पाऱ्याची साक्ष मिळाली.

परंतु त्यांच्या सचोटीचा खरा पुरावा याहून निराळा आहे. प्राणायामानें शरीर पुष्कळ अधिक प्राणवायु शोषून घेतें, अशी समजूत तेव्हां सर्वत्र होती. ती योगाच्या प्रचारास सोयीचीहि होती. कुवलयानंदांनीं प्रयोग केले आणि ही समजूत चुकीची असल्याचें सांगितलें. प्राणायामाचें महत्त्व त्यांनीं प्राणवायूच्या प्रमाणांत न मानतां शरीरांतील दाबांच्या फरकांत व मज्जासंस्थेवरील परिणामांत मानलें. आपल्या प्रिय विद्येच्या बाजूचा खोटा साक्षीदार स्वतःच्या हातानें बाहेर काढणें, हें सोपें काम नव्हे. नवशिक्यानें येथें एक धडा घ्यावा. अमुक आसनानें अमुक रोग हटकून जातो, असें जो छातीठोकपणें सांगतो, त्याच्यापेक्षां काय ठाऊक आहे व काय नाहीं हें जो मोकळेपणीं सांगतो, तो शिक्षक अधिक विश्वासाचा.

१९२७ मध्यें रक्तदाब वाढून गांधीजी आजारी पडले, तेव्हां आसनांविषयीं त्यांचा व कुवलयानंदांचा पत्रव्यवहार झाला. राष्ट्राचा नेता या विद्येच्या दारांत नवशिक्या म्हणून उभा राहिला, हें दृश्य मोठें बोलकें आहे. १९३१ मध्यें कुवलयानंदांचें 'आसनें' या विषयावरील पुस्तक आलें. त्यांत साधारण प्रकृतीच्या माणसासाठीं पूर्ण व संक्षिप्त असे अभ्यासक्रम आंखून दिलेले होते. १९३२ मध्यें मुंबईस सांताक्रूझ येथें त्यांच्या संस्थेची शाखा निघाली व १९३६ मध्यें मरीन ड्राइव्हवर आरोग्यकेंद्र सुरू झालें. शाळांतून सामुदायिक रीतीनें करावयाच्या योगव्यायामाची आंखणीहि त्यांनींच केली. मालसरला एकाच्या कानांत सांगितली जाणारी गोष्ट आतां क्रीडांगणावर रांगेनें उभ्या असलेल्या मुलांस सांगितली जाऊं लागली.

याच सुमारास महाराष्ट्रांत दुसरा एक प्रवाह जोरानें वाहत होता. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि हे सूर्यनमस्कारांचे निस्सीम पुरस्कर्ते. स्वतः नित्य नमस्कार घालावे, प्रजेकडून घालवावे, संस्थानच्या शाळांत ते सुरू करावे, असा त्यांचा खाक्या होता. आज नवशिक्या वर्गांत गेला कीं बहुधा प्रथम सूर्यनमस्कारच शिकतो आणि हाच योग, अशी त्याची समजूत होते. योगेंद्रांना ही मिसळ मुळींच पसंत नव्हती, आणि कुवलयानंदहि नमस्कारांना आसनांहून वेगळें मानीत. भेद तत्त्वाचा आहे. नमस्कारांत गति आहे, घाम आहे, संख्या वाढविण्याची ईर्षा आहे. आसनांत स्थिति आहे, आणि संख्येला तेथें जागा नाहीं. नमस्कार हा उत्तम व्यायाम यांत शंका नाहीं. परंतु धांपा टाकीत केलेली क्रिया व श्वास शांत ठेवून धरलेली स्थिति या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें आरंभींच कळलें तर पुढचा गोंधळ टळतो.

१९३७ मध्यें पुण्यास एक अठरा वर्षांचा तरुण शिकविण्यासाठीं आला. बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हा तो तरुण. लहानपणीं मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनीं त्याचें शरीर पोखरलें होतें. डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांच्या बोलीनें सुरू झालेलें त्याचें काम पुढें आयुष्यभर पुण्यासच चाललें. ज्याला स्वतःला आरंभीं पुढें वांकतां येत नव्हतें, त्याला न वांकणाऱ्या माणसाचें दुःख कळणारच. लांकडी ठोकळे, पट्टे, दोर, घडी केलेलीं ब्लँकेटें यांचा आधार देऊन ताठ शरीराकडूनहि आसन करवून घेण्याची रीति अय्यंगारांनीं बसविली. हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोंचत नसेल तर मधलें अंतर पट्ट्यानें भरून काढावें, त्यांत कमीपणा नाहीं. स्वात्मारामानें वृद्ध व दुबळ्याला जो शब्द दिला होता, तो या साध्या साधनांनीं खरा केला.

असा हा अधिकाराचा प्रश्न वीस-पंचवीस वर्षांत सुटला. पण सुटतांना त्याची किंमत मोजावी लागली. गुरूच्या मठींत शिष्य राहत असे, तेव्हां गुरूला त्याचा आहार, झोंप, श्वास, स्वभाव सर्व दिसत असे. पुढची पायरी केव्हां सांगावी, हें गुरु ठरवी. छापील पुस्तक वाचणाऱ्याकडे पाहत नाहीं. छायाचित्रांत दिसते ती आसनाची शेवटची अवस्था. तेथवर जाण्याची वाट आणि तेथून सुखरूप परतण्याची वाट चित्रांत दिसत नाहीं. आज हातांतल्या दूरध्वनीवर दिसणाऱ्या हलत्या चित्रांसहि हेंच लागू आहे. नवशिक्या चित्राची बरोबरी करावयास जातो, स्नायु ताणतो, श्वास कोंडतो, आठवड्यांत कंबर धरून बसतो आणि योग आपल्यासाठीं नाहीं असा निकाल देतो. अतिश्रम हा योगाचा वैरी, हें हठप्रदीपिकेचें सांगणें तो विसरलेला असतो.

आतां पुनः पालघर-बोईसरकडे वळूं. १९६९ मध्यें तारापूरचें अणुविद्युत केंद्र सुरू झालें, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि भातशेती, बागायत व मासेमारी यांवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर भोंग्याप्रमाणें झोंपणारा-उठणारा एक नवा समाज आला. २०१३ मध्यें मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धांवूं लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षीं डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांनीं २१ जून हा योगदिन ठरविला व २०१५ पासून तो पाळला जातो. नर्मदेकडून मुंबईकडे जातांना जी विद्या या स्थानकांवरून नुसती पुढें गेली असेल, तिची गरज आतां याच स्थानकांवर उतरणाऱ्या माणसाला सर्वांत अधिक आहे. त्याची रात्रपाळी आहे, त्याचा रोजचा तीन-चार तासांचा प्रवास आहे, त्याची झोंप तुटलेली आहे. वेसाव्याच्या बंगल्यांत १९१८ मध्यें आलेला गृहस्थ आणि हा गृहस्थ यांच्या तक्रारींत फारसें अंतर नाहीं.

त्यानें आरंभ कसा करावा? ब्राह्ममुहूर्ताचा आग्रह रात्रपाळीच्या माणसानें धरूं नये. घड्याळापेक्षां पोटाकडे पाहावें. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावे, एवढी अट पाळली म्हणजे दुपारहि चालते. पहिल्या महिन्यांत शवासन, वज्रासन, भुजंगासन, अर्धशलभासन आणि झेपेल तेवढें पश्चिमोत्तानासन इतकें पुष्कळ झालें. वीस मिनिटें पुरेत, मात्र तीं रोजचीं असावीं. श्वास कोंडूं नये, नुसता सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे, ज्याला काचबिंदु आहे किंवा मानेच्या मणक्याचें दुखणें आहे, त्यानें शीर्षासनाच्या वाटेस जाऊं नये. गर्भवती स्त्रीनें व हृदयविकाराच्या रोग्यानें वैद्याच्या सल्ल्यावांचून कांहींच सुरू करूं नये. आणि शक्य असेल तर पहिले कांहीं आठवडे तरी जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं काढावे. पुस्तकानें जी एक गोष्ट हिरावून घेतली, ती एवढ्यानें थोडी परत मिळते.

वर्षांतून एक दिवस मैदानावर हजारोंच्या संगतीनें आसनें करणें हा उत्सव झाला. उत्सवाला समाजांत स्थान आहे. परंतु ज्या दोन शिष्यांनीं मालसरची विद्या या लोहमार्गाच्या दक्षिण टोकास आणली, त्यांची दृष्टि दुसऱ्या दिवशीं सकाळीं एकट्यानें सतरंजी अंथरणाऱ्या माणसावर होती. एकानें त्याच्यासाठीं विद्या सोपी केली, दुसऱ्यानें ती पारखून दिली. त्या माणसाची सतरंजी आठवड्यानें कोपऱ्यांत गुंडाळून पडली, तर दोघांचेहि श्रम वायां गेले. आणि वर्षानंतरहि ती रोज उलगडली जात असेल, तर त्याचें कपाळ गुडघ्यास लागलें कीं नाहीं, हा विचार करण्याचें कारण नाहीं.